कोरड्या मुलखाची ओळख

हा अंक वाचकांच्या हाती पडेल तेव्हा आम्ही उभयता केनिया देशाच्या वायव्य भागातील काकुमा या निर्वासितांच्या छावणीत असू. दोन वर्षांसाठी जात आहोत. आमच्यापैकी एकाने सत्तावीस वर्षे औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत मुलांना वीजतंत्रीचे आणि पंपदुरुस्तीचे काम शिकवले. दुसरीने जवळजवळ तितकीच वर्षे मराठी शाळेत चौथीचा वर्ग सांभाळला. तिथे एकाने सौरपंपांची देखभाल करू शकतील असे तरुण तयार करावेत आणि दुसरीने तुडुंब भरलेल्या वर्गांपुढे उभ्या राहणाऱ्या नवशिक्या शिक्षकांना हात द्यावा, असे ठरले आहे. पगार नाही. राहण्याजेवणाची सोय आणि येण्याजाण्याचे भाडे मिळेल.

ही बातमी धर्मग्रामात पसरल्यापासून आमच्या ओटीवर येणारा प्रत्येक पाहुणा दोन प्रश्न विचारतो. पहिला मलेरियाचा. त्याचे उत्तर डॉक्टरांनी गोळ्यांच्या रूपाने दिलेले आहे. दुसरा प्रश्न अधिक अवघड: सेवाच करायची तर आपल्या देशात काय दुःख कमी आहे? हा प्रश्न आम्हाला सर्वप्रथम विचारला तो धाराशिव जिल्ह्यातील तेरखेडा गावच्या एका वृद्ध माउलीने, जानेवारी २०२० मध्ये, शाळूच्या शेताच्या बांधावर बसून. इतरांनी तो विचारावा आणि तिने विचारावा यात फरक आहे, कारण ती स्वतः त्या दुःखाच्या मुलखात राहत होती. म्हणून निघण्यापूर्वी काही लिहा, असे संपादकांनी सुचवले तेव्हा आम्हाला आफ्रिकेऐवजी तेरखेड्याकडे जाणाऱ्या वाटाच आठवल्या.

आधी थोडे आमच्याविषयी सांगायला हवे. आम्ही वसईची वाडीतली माणसे. आमच्या लहानपणी घराच्या मागे बावखल होते, बावखलाच्या काठावर केळी, केळींच्या सावलीत नागवेल. वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस आमच्या डोक्यावर पडतो. पाणी म्हणजे उपसून टाकायची वस्तू, असाच आमच्या वाडवडिलांचा पावसाळ्यातला अनुभव. आमचे प्रवासही तसेच हिरवे. वेलांकनीची यात्रा झाली, गोव्याला जुन्या शवप्रदर्शनाला जाणे झाले, नाताळच्या सुट्टीत एकदा उटी झाली. त्यांविषयी लिहिण्यासारखे फारसे नाही. ज्या प्रदेशाने आम्हाला बदलले तो यांच्यापैकी कोणत्याही वाटेवर नव्हता.

त्या प्रदेशात आम्ही प्रथम गेलो ते १९९३ साली, आणि तेही एकमेकांना न ओळखता. ३० सप्टेंबरच्या पहाटे तीन वाजून छप्पन्न मिनिटांनी लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत भूकंप झाला. आदल्या रात्री गणपतीचे विसर्जन झाले होते आणि माणसे गाढ झोपेत होती. आठ ते दहा हजार माणसे गेली. त्यांतील बहुतेकांना त्यांच्याच घरांच्या जाडजूड दगडमातीच्या भिंतींनी मारले. उन्हाळ्यात थंडावा देण्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या ज्या भिंती रुंद बांधल्या जात होत्या, त्याच अंगावर आल्या. वसईतून जी तरुण मंडळी मदतीसाठी निघाली त्यांत आम्ही दोघे दोन वेगवेगळ्या धर्मग्रामांतून होतो. सास्तूर गावाजवळच्या तंबूंत आम्ही वीस दिवस काढले. एकाकडे जनित्र आणि दिव्यांची जबाबदारी होती. दुसरीकडे आईबाप हरवलेल्या मुलांना दिवसभर कशात तरी गुंतवून ठेवण्याची. त्या दिवसांविषयी आम्ही कधीच फारसे बोललो नाही आणि इथेही लिहिणार नाही. एवढेच सांगतो की त्याच तंबूंत तेरखेड्याचे एक प्राथमिक शिक्षक आपल्या गावची पंधरा-वीस पोरे घेऊन आले होते, आणि भाकऱ्या मोजून वाटण्याचे काम त्यांच्याइतके शांतपणे करणारा माणूस आम्ही पुढे पाहिला नाही. निघताना त्यांनी वहीच्या पानावर पत्ता लिहून दिला. आम्ही त्यांना गुरुजी म्हणतो.

परतीचा प्रवास लातूरहून कुर्डुवाडीपर्यंत बार्शी लाइट रेल्वेने झाला. अडीच फूट रुंदीच्या रुळांवरची ही गाडी कालथ्रॉप नावाच्या इंग्रज अभियंत्याने १८९७ साली बार्शीपर्यंत आणि पुढे १९११ साली लातूरपर्यंत आणली होती. ती इतकी सावकाश चाले की चढावर पोरे उतरून शेतातल्या शेंगा तोडून पुन्हा चढत, असे सहप्रवासी सांगत होते. आम्ही खिडकीशी समोरासमोर बसलो होतो. येडशी सोडल्यावर गाडी रामलिंगच्या घाटात शिरली आणि वीस दिवसांत पहिल्यांदा ढिगारे सोडून दुसरे काही डोळ्यांसमोर आले. बालाघाटचे ते सपाट माथ्याचे डोंगर, ऑक्टोबरात पिवळे पडू लागलेले गवत, उतारावरच्या तुकड्यांत फुललेले कारळे. आपण जिवंत आहोत याची लाज वाटावी इतके ते सुंदर होते. समोरच्या माणसालाही तेच वाटत असावे हे न बोलता कळले. आमचे लग्न १९९५ साली झाले. पण आमच्या दृष्टीने ते त्या घाटातच ठरले होते.

आता ती छोटी गाडी नाही. २००८ पर्यंत सगळा मार्ग रुंद झाला आणि वळण घेऊन धाराशिव शहराशी जोडला गेला. एप्रिल २०१६ मध्ये लातूर शहर कोरडे पडले तेव्हा मिरजेहून 'जलदूत' नावाची पाण्याची रेल्वेगाडी याच वाटेने लातूरला गेली. पहिल्या खेपेला पाच लाख लिटर पाणी होते. दूरदर्शनच्या पडद्यावर ती गाडी पाहताना आम्ही दोघे जेवणाच्या ताटावरून उठलो होतो, एवढे आठवते. बाहेर वाडीत मोटार चालू होती.

स्वयंसेवेसाठी कुठे तरी जावे ही गोष्ट त्यानंतर दोन वर्षांनी घरात बोलली जाऊ लागली. मुलगी नोकरीला लागली होती. एका परिचित धर्मगुरूंनी सुचवले की आधी दरेवाडी पाहून या. संगमनेर तालुक्यातील हे गाव पाणलोट विकासासाठी प्रसिद्ध आहे. त्यामागे फादर हर्मन बाखर या येशूसंघीय धर्मगुरूंची दृष्टी होती. आल्प्स पर्वताच्या देशात, स्वित्झर्लंडमध्ये, जन्मलेला हा माणूस १९४८ साली भारतात आला आणि अहमदनगर जिल्ह्याच्या उघड्या डोंगरांवर त्याने उभे आयुष्य घालवले. १९९३ साली फादर क्रिस्पिनो लोबो यांच्यासह त्यांनी 'वॉटर' ही पाणलोटाचे काम करणारी संस्था उभी केली. २०२१ साली ते निवर्तले. माथ्यापासून पायथ्यापर्यंत चर खोदत यायचे, पडलेला थेंब पडल्या जागी मुरवायचा, हे तंत्र तसे साधे. आम्हाला नवल वाटले ते त्यांच्या अटींचे. गावाने श्रमदान केले पाहिजे, कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी गावानेच ठरवून पाळली पाहिजे, मगच पैसा. जो फुकट देतो तो पुष्कळदा घेणाऱ्याचे काहीतरी काढूनही घेतो, हे त्या अटी लिहिणाऱ्याला माहीत असावे. त्या वेळी आम्ही ते नुसते ऐकले. ते समजायला तेरखेडे लागले.

जानेवारी २०२० मध्ये तिकडे जाण्याचे निमित्त अगदी आपल्या घरचे होते. अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे त्र्याण्णवावे अधिवेशन उस्मानाबादला भरले आणि अध्यक्षपदी आपल्या वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो होते. एका धर्मगुरूला हा मान मिळण्यावर काहींनी आक्षेप घेतले होते. उस्मानाबादच्या माणसांनी त्यांना मांडवाच्या गर्दीने उत्तर दिले. १० जानेवारीला संत गोरोबाकाकांच्या नावाच्या त्या नगरीत फादर प्रकृती साथ देत नसतानाही बोलले तेव्हा आमच्या शेजारी बसलेल्या, डोक्याला पटका बांधलेल्या शेतकऱ्याने विचारले, "तुमच्या गावचे व्हय?" आम्ही हो म्हणालो. त्याने आम्हाला आपल्या पिशवीतली बोरे दिली. फादर २५ जुलै २०२४ रोजी गेले. त्यांच्या अंत्यविधीला उभे असताना त्या बोरांची आठवण झाली, यात गैर काही नसावे.

संमेलनाच्या गर्दीतून एक दिवस काढून आम्ही तेरला गेलो. तेरणेच्या काठावरचे हे गाव म्हणजे गोरोबाकाकांची भूमी. त्याहूनही मागे गेले तर प्राचीन तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकात कुणा ग्रीकभाषिक व्यापाऱ्याने लिहिलेल्या 'पेरिप्लस' या पुस्तकात हे तगर येते: पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर, जिथून साधे कापड आणि तलम मलमल गाड्यांवर लादून भडोचच्या बंदराला जाई. त्याच पुस्तकात आपले सोपारे आहे. आणि त्याच पुस्तकात आफ्रिकेचा पूर्व किनाराही आहे, जिथे भारतातून गहू, तांदूळ, तूप, तिळाचे तेल आणि सुती कापड पोहोचत असे. तेरचे विटांचे त्रिविक्रम मंदिर पाहिले, लामतुरे वस्तुसंग्रहालयातली हस्तिदंती बाहुली पाहिली. मग बाहेर चिंचेखाली बसून आम्ही बराच वेळ हाच विचार करत होतो की तेर, सोपारे आणि आफ्रिकेचा किनारा या तीन ठिकाणांना एका पुस्तकात बांधणारा धागा दोन हजार वर्षांपूर्वी होता. आम्ही काही नवी वाट काढणार नव्हतो.

१२ तारखेला संध्याकाळी बीडकडे जाणाऱ्या एस.टी.ने आम्ही येडशी, येरमाळा करत तेरखेड्याला उतरलो. गुरुजी निवृत्त झालेले. सव्वीस वर्षांत फक्त नाताळ आणि दिवाळीची पत्रे, पण ओळख पटायला क्षणही लागला नाही. त्यांच्या घरी आम्ही चार रात्री राहिलो. गुरुजींच्या आई तेव्हा ऐंशी ओलांडलेल्या. सगळे त्यांना आजी म्हणत, आम्हीही म्हणू लागलो.

तेरखेडा म्हटले की मराठवाड्यात फटाके आठवतात. मराठवाड्याची शिवकाशी असेच या गावाला म्हणतात. हवा कोरडी, माळ मोकळा, आणि शेतीचे काम वर्षातले मोजके महिने. उरलेल्या महिन्यांत हातांनी काय करायचे, या प्रश्नाचे या गावाने शोधलेले हे उत्तर. गावाबाहेर माळावर एकमेकींपासून अंतर राखून उभ्या असलेल्या लहान लहान खोल्या दिसतात. त्यांच्यामधली मोकळी जागा पाहून आधी वाटले की गाव विरळ वसले आहे. गुरुजी म्हणाले, "एक उडाली तर दुसरी राहावी म्हणून." गेल्या अनेक वर्षांत इथे स्फोट झाले आहेत, माणसे दगावली आहेत, आणि दिवाळी जवळ आली की पुन्हा तितकेच हात त्या कामाला लागले आहेत.

आपल्याकडे धर्मग्रामाच्या सणाच्या आदल्या रात्री आणि लग्नाच्या वरातीत किती फटाके उडतात, हे वाचकांना सांगायला नको. ते येतात कुठून, याचा विचार आम्ही तरी त्या माळावर उभे राहीपर्यंत केला नव्हता. १५ जानेवारीला संक्रांत होती. गुरुजींच्या सुनेकडे हळदीकुंकवाला आलेल्या बायकांत फटाक्यांच्या कामावर जाणाऱ्या दोघीतिघी होत्या. तिळगूळ घ्यायला पुढे केलेल्या एका हाताच्या रेषांत रुपेरी भुकटी बसलेली होती, धुऊनही न निघणारी. दुसरीच्या उजव्या हाताला दोन बोटे नव्हती. तिनेच आमच्यातल्या बाईंना शेजारी बसवून घेतले, वाण दिले आणि विचारले, "तिकडं, तुम्ही जाणार तिथं, फटाके उडवतात का?"

आम्ही तिला सांगितले की काकुमाची छावणी १९९२ साली उभी राहिली. सुदानच्या यादवी युद्धातून शेकडो कोस चालत आलेली, आईबापांपासून तुटलेली मुले तिथे पहिल्याने पोहोचली. पुढे सोमालिया, इथिओपिया, काँगो, बुरुंडी अशा देशांतूनही माणसे आली, आणि आता तिथेच जन्मून तिथेच बाप झालेली पिढी आहे. गोळीबारातून पळालेली माणसे आहेत.

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "मग आवाजाला भेत असतील लेकरं. आमचीबी भेतात."

आम्ही काकुमाविषयी बरेच वाचले आहे. त्या वाक्याइतके कामाचे त्यात काही सापडले नाही.

आता शेताविषयी. वसईच्या माणसाला हा प्रदेश पाहण्यासाठी थोडी उसंत लागते. आमच्याकडे हिरवेपणा अंगावर येतो. इथे तो शोधावा लागतो. पहिल्या सकाळी आम्हाला दिसले ते बाभळी, लिंब, दगडांचे बांध आणि लांबवर पसरलेला करडा माळ. तिसऱ्या सकाळी दिसू लागले की काळ्या जमिनीचा पट्टा कुठे संपतो आणि बरड कुठे सुरू होते, करडईचे पिवळे काटेरी ताटवे शाळूच्या कडेने का लावले आहेत (गुरे आत शिरू नयेत म्हणून), आणि हरभऱ्याच्या पानांवरचे दंव सकाळी किती वेळ टिकते. शाळूला पेरणीनंतर पाऊस मिळतोच असे नाही. हस्ताच्या पावसाने काळ्या मातीत जी ओल साठते तिच्यावर आणि थंडीच्या दंवावर हे पीक उभे राहते. वरून जमीन भेगाळलेली असते, आणि खाली, हातभर खोल, वर्षभराच्या भाकरीपुरते पाणी धरलेले असते.

भोगीच्या दिवशी, म्हणजे संक्रांतीच्या आदल्या दिवशी, घरी तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि सगळ्या शेंगाभाज्यांची मिळून केलेली भोगीची भाजी झाली. दुपारी गुरुजींनी आम्हाला हुरडा खायला शेतात नेले. आगटीत कणसे खुपसून भाजायची, गरम असतानाच तळहातावर चोळायची आणि कोवळा हिरवा दाणा तोंडात टाकायचा. आजी बांधावर बसून कणसे चोळून देत होत्या. त्यांचे तळहात भाजत कसे नाहीत हे आम्ही विचारले तर म्हणाल्या, "भाजून झाल्यात, आता काय भाजायचं?"

आम्ही त्यांना म्हणालो की आजी, ही ज्वारी मुळात आफ्रिकेतली. सुदानच्या पूर्व भागात माणसाने ती प्रथम पेरली आणि सुमारे चार हजार वर्षांपूर्वी ती आपल्याकडे आली. आम्ही जाणार तिथली पुष्कळ माणसे हिच्याच पिठाचे पदार्थ खातात. आजींना हे मुळीच पटले नाही. ज्वारी आपली, आपल्या बापजाद्यांची. ती बाहेरून कशी येईल? पण काही वेळाने त्यांनीच विचारले, "मग तिकडं भाकर मिळंल म्हणा की." आणि लगेच, कणीस चोळता चोळता, तो प्रश्न: "एवढं लांब कशापायी निघालाव, माय? हितं दुःखाचा दुष्काळ पडलाय व्हय?"

गुरुजी हसले. आम्हाला हसता आले नाही. समोर आजूबाजूच्या वाड्या-तांड्यांवरची कितीतरी घरे बंद होती. माणसे ऊसतोडीला गेली होती, ती उन्हाळा लागल्यावर परतणार होती. घराला कडी आणि म्हाताऱ्यांच्या ओटीत नातवंडे. त्यांना निर्वासित म्हणणे बरोबर होणार नाही, कारण त्यांना परतायला घर आणि गाव आहे. तरीही दर वर्षी सहा-सहा महिने पालात काढणाऱ्या मुलांची शाळा आणि छावणीतल्या मुलांची शाळा यांत आमच्यातल्या शिक्षिकेला फार अंतर दिसत नव्हते.

त्या रात्री आमच्यात वाद झाला. इथवर आम्ही 'आम्ही' म्हणून लिहीत आलो आहोत, पण त्या रात्री आम्ही दोन होतो. एकाचे म्हणणे असे की आजींचे खरे आहे. केनियाचे राहू द्यावे आणि वर्षातले सहा महिने इथेच येऊन राहावे, पंप दुरुस्त करावेत, ऊसतोडीच्या मुलांना शिकवावे. दुसरीचे म्हणणे असे की सास्तूरला आपण वीस दिवसांत परतलो, आता जिथे कुणीच जात नाही तिथे दोन वर्षे देण्याचे ठरवले आहे, तर पहिल्या हुरड्यालाच मन फिरवू नये. घरात सगळे झोपले होते म्हणून हळू आवाजात भांडलो.

सकाळी एकाने गुरुजींना सरळच विचारले: आम्ही इथे कामाला आलो तर चालेल का? गुरुजींनी चहाची बशी खाली ठेवली. त्यांचे उत्तर आम्ही त्यांच्याच शब्दांत लिहून ठेवले आहे, कारण पुढचे सगळे त्यावर ठरले.

"राहायला या, कधीबी या, घर तुमचंच हाय. पण कामाला नको. आयटीआय शिकलेली चार पोरं आमच्या गल्लीत बसून हायत. पंप दुरुस्त करत्यात, दिवसाला काही सुटलं तर सुटतं. तुम्ही फुकट कराय लागलाव तर लोक तुमच्याकडं येतील, मग ती पोरं कुठं जातील? आमच्याकडं काम करणारे कमी न्हाईत, दादा. काम देणारे कमी हायत. तिकडं करणारं कुणी नसंल तर जावा. आणि असंल, तर तिकडंबी जाऊ नका."

शेवटचे वाक्य आम्हाला अपेक्षित नव्हते. छावणीत तीस वर्षे माणसे राहत आहेत. तिथेही हुशार हात असणारच. मुंबईला परतल्यावर आम्ही ज्या सेवासंस्थेमार्फत जाणार होतो तिला पत्र लिहिले. तिथल्या तरुणांपैकी किती जणांना हे काम थोडेफार येते, त्यांना मोबदला मिळतो का, आमच्या येण्याने कुणाची जागा जाईल का? आलेले उत्तर सविस्तर आणि प्रामाणिक होते. केनियात निर्वासितांना मोकळेपणाने नोकरी करणे अवघड असते. संस्थांमध्ये काम करणाऱ्या निर्वासितांना बहुधा अल्प मानधनच मिळते. शिकण्याची इच्छा असलेले तरुण पुष्कळ आहेत, शिकवणारे थोडे. त्यानुसार आमच्या कामाचे स्वरूप बदलले. पंपाला हात लावणार ते विद्यार्थी. आमच्यातला एक शेजारी उभा राहणार. वर्ग घेणार ते तिथलेच शिक्षक. आमच्यातली दुसरी मागच्या बाकावर बसणार. आणि दुसरे वर्ष संपताना शिकवणाराही तिथलाच माणूस असावा, ही अट आम्ही स्वतः करारात घालून घेतली. दरेवाडीच्या श्रमदानाच्या अटीमागे काय होते ते आम्हाला असे, चहाच्या बशीवर कळले.

मे २०२० ची तिकिटे काढली होती. मार्चमध्ये टाळेबंदी आली. पुढे घरात दीर्घ आजारपण होते, वडीलधाऱ्यांना सोडून जाणे शक्य नव्हते. मग मुलीचे लग्न. निघण्याची बॅग दोन वेळा भरली आणि दोन वेळा रिकामी केली. या काळात दर संक्रांतीला तेरखेड्याहून फोन येई आणि आजी एकच विचारत, "गेलाव का न्हाई अजून?" त्यांना आमचे जाणे पटले होते असे आम्ही म्हणणार नाही. पण आता ठरवलेच आहे तर जावे, असे त्यांचे मत असावे. २०२३ च्या संक्रांतीला फोन गुरुजींनी केला, आणि आजी नव्हत्या.

२०२० साली निघताना आजींनी आमच्यातल्या बाईंना दोन गोष्टी दिल्या होत्या. एक शाळूची पायलीभर पिशवी आणि दुसरी भाकरी थापण्याची शिकवणी. आपल्याकडे तांदळाची भाकर उकड काढून करतात. हात त्याला सरावलेला. ज्वारीचे पीठ तसे ऐकत नाही. मळताना तळहाताच्या टाचेने रगडावे लागते आणि परातीत एका हाताने फिरवत दुसऱ्याने थापावे लागते. पीठ ताजे दळलेले हवे. जुने झाले की त्याची विरी जाते, मग कितीही मळा, कडा फाटतातच. आजींनी चुलीपुढे बसवून चार दिवस हे करवून घेतले आणि चौथ्या दिवशीची भाकरी स्वतः खाल्ली, ही आमच्या घरात मोठ्या मानाची गोष्ट मानली जाते.

पिशवीतली मूठभर ज्वारी आम्ही वाडीत पेरून पाहिली. ताटे पुरुषभर वाढली, पण उशिराच्या पावसात कणसे भिजली आणि दाणे काळे पडले. वसईची माती तिला मानवली नाही. उरलेली दळून संपवली. बी म्हणून एक दाणाही सोबत नेता येत नाही. परदेशात धान्य-बियाणे नेण्याचे नियम कडक आहेत आणि ते योग्यच आहेत.

काकुमाजवळ ताराच नावाची नदी आहे. बहुतेक वर्षभर ती वाळूचा पट्टा असते. पाऊस झाला की तासाभरात लोंढा येतो आणि वस्ती वाहून नेतो, असे वाचले आहे. तेरखेड्याच्या मानानेही तो मुलूख कोरडा. आम्ही मोबाइलवर स्वाहिली शिकत आहोत. 'चपाती' आणि 'दुका' हे शब्द शिकावे लागले नाहीत. ज्वारीला तिथे 'म्तामा' म्हणतात. नैरोबीच्या दुकानांत म्तामाचे पीठ मिळते, असे तिथून कळवले आहे. ते केव्हाचे दळलेले असते, हे मात्र अजून कुणी कळवलेले नाही.